नखाच्या मागचे हाड

नीरा आणि भीमा या नद्यांचा संगम इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला होतो आणि त्या संगमावर नीरा नरसिंहपूर वसले आहे. लक्ष्मी-नृसिंह हे महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांचे कुलदैवत, आमच्या आजोळचेही. तिथल्या कीर्तनात हिरण्यकशिपूच्या वराची उकल ऐकलेली नाही असा माणूस त्या भागात सापडणे कठीण. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. हे सगळ्यांना पाठ असते. पण भागवताच्या सातव्या स्कंधातल्या त्या वरात आणखी एक अट आहे : सजीवाकडून नाही आणि निर्जीवाकडूनही नाही. कीर्तनकार इथे थांबतात, श्रोत्यांकडे पाहतात आणि बोटे पुढे करून विचारतात, "नख जिवंत की मेलेलं?" कापले तर दुखत नाही, म्हणजे मेलेले. पण रोज वाढते, म्हणजे जिवंत. या दोहोंच्या मधल्या फटीतून नृसिंहाने आपले काम साधले.

मी बारामतीला बरीच वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. कीर्तनकारांचे हे शरीरशास्त्र बरेचसे बरोबर आहे, असे मी वर्गात नेहमी सांगत आले. नखाचा बाहेर दिसणारा भाग केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. केस, शिंग, खूर, पक्ष्याची चोच यांवरचे आवरण त्याच जातीचे. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. जिवंत असते ते मूळ, कातडीखाली दडलेले. ते नव्या पेशी बनवून जुन्यांना पुढे ढकलत राहते. ज्याला कधी नखुरडे झाले आहे त्याला या मुळाच्या जिवंतपणाचा पुरावा वेगळा द्यायला नको.

भाषेने मात्र इथे आपली थोडी पंचाईत करून ठेवली आहे. मराठीत आपण नखे 'काढतो'. "तिन्हीसांजेला नखं काढू नकोस" असे आजी म्हणते तेव्हा तिला फक्त वाढलेले टोक कापणे अभिप्रेत असते. काढणे हे क्रियापद मोठे सोयीचे आहे : दूध काढतो, झाडू काढतो, फोटो काढतो, दात काढतो. यातले शेवटचे मात्र कायमचे असते. म्हणून "मांजराची नखं काढून घ्यायची आहेत" असे कुणी म्हणाले, तर ऐकणाऱ्याला त्यातले टोकाचे काढणे ऐकू येते की दाताचे, हे सांगता येत नाही. गेल्या वर्षी इंदापूर तालुक्यातल्या माझ्या मामेभावाने फोनवर नेमके हेच वाक्य उच्चारले आणि मी "बरं, काढ की" म्हणणार, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "भूल द्यावी लागते म्हणे. टाके पण पडतात."

दादाचा वीस-बावीस होल्स्टिन गायींचा गोठा आहे, थोडा ऊस आहे. धाकटीच्या हट्टासाठी पुण्याहून पर्शियन जातीचा बोका आणलेला. बोक्याने नव्या सोफ्याची दोन्ही हातांची कडा उसवली. हे एक वेळ खपले असते, पण तीन वर्षांची नात त्याची शेपटी ओढायला गेली आणि तिच्या गालावर रक्त येईपर्यंत ओरखडा उठला. सरकारी दवाखान्यात लसीचे हेलपाटे झाले. त्याच आठवड्यात टेक्सासला असलेल्या थोरल्या पुतणीने व्हिडिओ कॉलवर सांगितले की तिच्याकडच्या मांजरीला नखेच नाहीत. आधीच्या मालकाने शस्त्रक्रिया करून घेतली होती. अमेरिकेत होते म्हणजे गोष्ट प्रगत असणार, असे दादाने धरले. बारामतीतल्या त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, जे मुख्यतः गायी-म्हशींचेच पाहतात, सरळ नकार दिला. मग पुण्यात कुणीतरी "घेऊन या, बघू" म्हणाले. एवढ्यावर मला फोन आला होता, तोही परवानगीसाठी नव्हे. गाडीत बोका न्यायचा तर पिंजरा कुठे मिळेल, हे विचारायला.

या शस्त्रक्रियेत नेमके काय होते ते नीट सांगायला हवे, कारण तिची बहुतेक वर्णने सोफ्याच्या बाजूने केलेली असतात.

आपल्या प्रत्येक बोटाला तीन पेरे असतात, अंगठ्याला दोन. शेवटच्या पेराचे हाड नखाच्या खाली येते आणि नख त्यावर पत्र्यासारखे टेकलेले असते. मांजरात ही रचना वेगळी आहे. तिथे नख हाडावर टेकत नाही, हाडालाच चढलेले असते. शेवटच्या पेराचे हाड आकड्यासारखे वळते आणि त्यावर नखाची म्यान बसते. नख वाढवणाऱ्या पेशी त्या हाडाच्या बुडाशी, गळपट्टीसारख्या उंचवट्याच्या आत असतात. त्यामुळे मांजराचे नख मुळासकट काढायचे तर हाड ठेवून ते काढताच येत नाही. पेशींचा अंश राहिला तरी नख पुन्हा फुटते, तेही वाकडे, कधी कातडीच्या आतल्या आत. म्हणून शस्त्रक्रियेत सांध्यापाशी छेद देऊन शेवटचे पेरच तोडतात. कधी गिलोटिनसारख्या कात्रीने, कधी पात्याने, अलीकडे लेसरने. हत्यार बदलले तरी तुटते तेच. पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी मांजराला अठरा नखे. फक्त पुढचे पाय केले तरी ही दहा बोटांची दहा छेदने होतात.

हे अठरा ऐकले की आमच्याकडच्या माणसाला लगेच बिबट्या आठवतो. उसात किंवा विहिरीत बिबट्या मेलेला सापडला की बातमीत शेवटी एक ओळ असते : नखे, दात, मिशा शाबूत. वनखाते ती मोजते, कारण नखांचा चोरटा बाजार आहे. सोन्यात मढवलेले वाघनख तान्ह्या मुलाच्या गळ्यात घालण्याची हौस आपल्याकडे जुनी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती गुन्हा ठरवली तरी मनातून गेलेली नाही. बिबट्या आणि बोका एकाच कुळातले; पंज्याची घडण तीच.

या घडणीत एक सुंदर यंत्रणा आहे. मांजर निवांत असताना नख आत असते ते त्याने कष्टाने ओढून धरलेले नसते. लवचिक बंध त्या शेवटच्या हाडाला आपोआप मागे धरून ठेवतात. बाहेर काढायला मात्र स्नायू लागतो आणि त्या स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, थेट शेवटच्या पेराला जोडलेली असते. पेर गेले की ही दोरी सुटते आणि आखडू लागते. मांजर बोटांवर चालणारा प्राणी आहे, आपल्यासारखा टाचा टेकणारा नव्हे. चालताना, उडी मारताना, उतरल्यावर तोल सावरताना त्याचा भार बोटांवर येतो. पुढची पेरे तुटली की तो भार मागे सरकतो, चाल बदलते, त्याचा ताण खांद्यापर्यंत आणि पाठीपर्यंत जातो.

इंग्रजीत याला 'डीक्लॉइंग' म्हणतात आणि वैद्यकीय परिभाषेत 'ओनिकेक्टमी'. पहिल्या शब्दात फक्त नख आहे. दुसरा ग्रीक : ओनिक्स म्हणजे नख, एक्टमी म्हणजे छेदून काढणे. म्हणजे हाडाचा उल्लेख ना इंग्रजीत, ना ग्रीकमध्ये, ना आपल्या 'नखं काढणे'त. तीन भाषांनी मिळून एक हाड लपवले आहे. मी दादाशी वाद घालायला निघाले तेव्हा माझ्या लक्षात आले की त्याच्याशी मतभेद दयेबद्दल नव्हताच. आजारी कालवडीजवळ रात्रभर बसणारा माणूस तो. त्याला फक्त चुकीचा शब्द मिळाला होता.

अमेरिकेत ही शस्त्रक्रिया १९५० च्या दशकापासून रुळली. मांजरे पूर्वी कोठारांत आणि अंगणांत असत. ती सदनिकांत आली, गालिचे आणि गाद्यागिरद्यांच्या सोबत राहू लागली, वाळू घातलेली शौचपेटी बाजारात आली. मांजर कायमचे घरात राहणे शक्य झाले आणि घरातल्या वस्तूंशी त्याचे भांडण सुरू झाले. घर भाड्याने देताना काही मालक नखे काढल्याची अट घालत. पशुवैद्य नसबंदीबरोबरच हेही एकाच भुलीत उरकून देत. तिथल्या काही पाहण्यांत पाळीव मांजरांपैकी साधारण पाचातल्या एकाची नखे काढलेली आढळली होती. एखाद्या गोष्टीची नोंद एवढ्या घरांत झाली की ती क्रूर वाटेनाशी होते.

मी इंदापूरला गेले ती दिवाळीच्या आधी, वसुबारसेच्या दोन दिवस अलीकडे. गोठा सारवणे चालले होते. मामी ओसरीवर बसून होत्या आणि त्यांचा या बेताला आधीपासूनच विरोध होता, मात्र त्यांच्या कारणाने. "मांजराला इजा झाली तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. कुणाकडं आहे एवढं सोनं?" दादाचे उत्तर तयार होते : "मारतोय कुठं आई? नखंच काढायचीत, पाय थोडाच कापायचाय?"

"दादा, पायच कापायचाय," मी म्हणाले. "थोडा."

त्याला मी पुस्तकातले चित्र दाखवले नाही. गोठ्यात नेले. खूर तासायला येणारा माणूस आदल्या आठवड्यात येऊन गेला होता. कोपऱ्यात तासलेल्या खुरांचे पांढरे काप अजून पडलेले होते. सिमेंटच्या गोठ्यात उभ्या असलेल्या संकरित गायींचे खूर झिजत नाहीत, वाढतात, म्हणून ते वेळोवेळी तासावे लागतात. तासताना गाय पाय झाडते ती धरून ठेवल्याच्या रागाने, दुखते म्हणून नव्हे. पण तासणाऱ्याचा हात जरा खोल गेला की गुलाबी दिसते, मग रक्त येते आणि गाय लंगडते. हे दादाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक. गळिताच्या हंगामात भवानीनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या बैलांना पत्र्या ठोकणाऱ्यांचे सगळे कौशल्य याच अर्ध्या इंचात असते. खिळा मेलेल्या खुरात राहिला पाहिजे, जिवंतात शिरता कामा नये.

आता खुराच्या आत काय असते? गायीच्या पायाला दोन बोटे. प्रत्येक बोटाला तीन पेरे आणि तिसऱ्या पेराच्या हाडावर खूर चढलेला. तेच हाड. मांजराचे नख आणि गायीचा खूर या शरीरशास्त्राच्या हिशेबात एकाच जागच्या वस्तू. म्हणून मांजराच्या नखाचे टोक कापणे हे खूर तासण्यासारखे. आणि मांजराचे नख 'काढणे' हे खुरासकट आतले हाड सांध्यातून उतरवण्यासारखे.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चंद्रीसारखं?"

चंद्री ही त्याची जुनी गाय. मागच्या पायाच्या एका खुरात जखम चिघळत सांध्यापर्यंत गेली आणि डॉक्टरांनी शेवटचा उपाय म्हणून ते एक बोट काढले होते. असे छेदन गायीत करतात, पण ते बाकी पाय आणि गाय वाचवायला. चंद्री वाचली. पण उभी राहताना आधी तीन पायांचा अंदाज घ्यायची, हे घरातल्या सगळ्यांनी पाहिले होते. मी "हो, तसंच. फक्त दहा बोटं आणि एकही सडलेलं नाही" एवढेच म्हणाले.

इथे प्रश्न मिटला असता तर हा लेख छोटा झाला असता. दादाने मुद्दा काढला तो माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत प्रामाणिक मुद्दा आहे. "आपण वासरांची शिंगं जाळतो. बैलाला वेसण घालतो. गोऱ्हे खच्ची करतो. ते चालतं आणि बोक्याचं चालत नाही, का? बोका शहराचा म्हणून?"

याला सोपे उत्तर नाही आणि ते असल्याचा आव मी आणला नाही. वासराचे शिंग उगवण्याआधी त्याचा कोंब डागतात, तेव्हा वासराला वेदना होतातच. फरक शोधायचा तो इतरत्र. कोंब लहानपणी कातडीतच असतो, कवटीशी पुरता जुळलेला नसतो. तो गेल्याने वासराचे चालणे-चरणे अडत नाही. आणि दाटीवाटीच्या गोठ्यात एका गायीच्या शिंगाने दुसरीची कास फाटू शकते, म्हणजे त्यात जनावरांचाही काही स्वार्थ आहे. मांजराच्या पेरात मांजराचा कोणताच स्वार्थ नाही. शिवाय वेदनेचे म्हणशील तर तिथेही नियम बदलले आहेत.

ते नियम पाहण्यासारखे आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकातून त्याची सुरुवात झाली. त्याच्या ११ व्या कलमात क्रूरतेचे प्रकार दिले आहेत आणि त्यात प्राण्याचे अंग छिन्न करणे हा एक आहे. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात अपवाद येतात : गुरांची शिंगे काढणे, कोणत्याही प्राण्याचे खच्चीकरण, डाग देणे, वेसण घालणे, तेही विहित पद्धतीने. म्हणजे दादाने मोजलेल्या साऱ्या गोष्टी कायद्याने आधीच मोजून बाजूला ठेवल्या आहेत. मांजराची नखे काढणे त्या यादीत नाही. आणि 'विहित पद्धती'ला तर कित्येक दशके कागदावर रूपच नव्हते. ते २०२३ च्या नियमांनी दिले. आता शिंगे काढणे, खच्चीकरण वगैरे पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि भूल देऊन व्हावे, शक्यतो बिनशिंगी जातींची पैदास व्हावी, वेसणीऐवजी म्होरकी वापरावी, अशा त्या नियमांच्या दिशा आहेत. दादाला हे नवीन होते. वासरांचे कोंब तो अजून तापल्या सळईने, भुलीशिवाय डागत होता. "म्हणजे मांजर वाचवता वाचवता तू मलाच धरलंस," तो म्हणाला, पण हसून.

शिक्षेचे मात्र न बोललेले बरे. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. १९६० साली पन्नास रुपयांना काही किंमत असेल. आज त्या रकमेत मांजराच्या खाद्याची एक पिशवीही येत नाही. कायद्याच्या धाकाने कुणी नातेवाईक या बाबतीत मागे हटेल, ही आशा व्यर्थ आहे.

बाहेरच्या जगात चित्र वेगळे आहे. १९८७ साली युरोपीय परिषदेने पाळीव प्राण्यांच्या रक्षणाचा करार केला, त्याच्या दहाव्या कलमात शेपूट छाटणे, कान कापणे, स्वरतंतू काढणे, नखे काढणे आणि दात काढणे एका ओळीत निषिद्ध ठरवले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या वेस्ट हॉलिवूड या छोट्या शहराने २००३ साली बंदी घातली. पूर्ण राज्य म्हणून न्यूयॉर्कने २०१९ साली. तिथल्या पशुवैद्यकांची राष्ट्रीय संघटनाही आता हौसेखातर होणाऱ्या या शस्त्रक्रियेला परावृत्त करते. म्हणजे ज्या देशाकडे पाहून दादाला ही कल्पना सुचली, तो देश ती सोडायला लागला आहे. आपल्याकडच्या काही नवलाया अशाच तिकडे जुन्या झाल्यावर इकडे उतरतात.

आणि आपल्याला नखे काढलेला प्राणी खरोखरच नवा आहे का? पन्नाशीच्या पुढच्या वाचकांनी गावात आलेला दरवेशी पाहिलेला असेल. अस्वल दोन पायांवर नाचायचे, लहान मुलांना त्याच्या पाठीवर बसवायचे, ताईतासाठी त्याचे केस उपटून द्यायचे. ते इतके निरुपद्रवी का, हे आम्हां मुलांना कधी सुचले नाही. त्याच्या नाकातून दोरी ओवलेली असायची, सुळे पाडलेले असायचे, नखे काढलेली किंवा बोथट केलेली असायची. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या खेळांवर बंदी आली आणि दरवेश्यांना दुसरा रोजगार देत ती अस्वले हळूहळू सोडवली गेली. हे काम ज्या वाइल्डलाइफ एसओएस संस्थेने पुढे नेले, तीच आज वनखात्याबरोबर आपल्याच जिल्ह्यात जुन्नरजवळच्या माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र चालवते. दात-नखांवाचून त्या अस्वलांना पुन्हा जंगलात सोडता येणे शक्य नव्हते. ती उरलेले आयुष्य निवाऱ्यातच राहिली.

पुन्हा नातीकडे येऊ, कारण सोफा हे निमित्त होते. दादाच्या मनात भीती होती ती तिच्या गालाची, डोळ्याची. ही भीती मी हलकी मानत नाही. म्हणून यावर काय अभ्यास झाला आहे ते मी शोधले. टेक्सासमधल्या निकोल मार्टेल-मोरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली मांजरांच्या वैद्यकावरच्या एका नियतकालिकात एक तुलना प्रसिद्ध केली : नखे काढलेली १३७ मांजरे आणि नखे असलेली १३७. नखे काढलेल्यांत पाठदुखीची लक्षणे असण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती, शौचपेटी सोडून घरात भलतीकडे घाण करण्याची सुमारे सातपट, आणि चावण्याची साडेचार पट. क्ष-किरण काढले तेव्हा त्या १३७ पैकी ६३ टक्के मांजरांच्या पंज्यात तुटलेल्या हाडाचे तुकडे राहिलेले दिसले. असा मागे वळून केलेला अभ्यास कार्यकारणाचा पक्का पुरावा देत नाही, हे शिक्षिकेच्या सवयीने मी सांगून ठेवते. पण कारणांची साखळी समजण्यासारखी आहे. दुखऱ्या बोटांनी खरबरीत वाळू उकरवत नाही, म्हणून मांजर मऊ जागा शोधते, म्हणजे तुमची गादी. आणि ओरखडा ही मांजराची पहिली ताकीद असते. ती ताकीद काढून घेतली की उरतो तो दात.

मांजराचा चावा ओरखड्यापेक्षा वाईट. सुईसारखा सुळा खोल जातो, वरून भोक छोटे दिसते आणि आत जिवाणू राहतात. बोटांच्या सांध्यात किंवा कंडरेत गेला तर हात सुजतो, दवाखान्यात दाखल व्हावे लागते. नातीला वाचवायला बोक्याची नखे काढायची, तर तिच्या वाट्याला ओरखड्याऐवजी चावा येण्याचा संभव वाढवायचा. रेबीजच्या दृष्टीनेही नखे काढून काही साधत नाही. तिथे उपयोग आहे तो बोक्याला दरवर्षी लस देण्याचा, जखम झाली तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुण्याचा आणि रक्त आले असेल तर लगेच डॉक्टरांकडे जाण्याचा. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने खालावली आहे अशा माणसांच्या घरातही मांजराची नखे काढण्याचा सल्ला अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र देत नाही. आणि तीन वर्षांच्या मुलीला शेपटी ओढू न देणे, हा उपाय वहिनींनी मी पोहोचायच्या आधीच सुरू केला होता.

राहिला सोफा. मांजर सोफा ओरबाडते ते खोडसाळपणाने नव्हे. नखाची म्यान थरांची असते. वरचा जुना थर ओरबाडून निघतो आणि खालचे टोकदार नख बाहेर येते. कोपऱ्यात शोधले तर पोकळ, पारदर्शक अशी ही टरफले सापडतात. शिवाय पंज्याच्या गादीत गंधग्रंथी असतात, त्यातून मांजर आपली खूण ठेवते. आणि झोपून उठल्यावर पुढचे पाय रोवून पाठ ताणायला काहीतरी न हलणारे लागते. सोफ्याचा हात या तिन्ही कामांना उत्तम. तेव्हा त्याहून उत्तम काहीतरी त्याच जागी उभे करणे एवढेच आपल्या हातात असते.

परदेशी दुकानांत यासाठी 'सिसल'चा खांब मिळतो आणि पुण्यातही तो महाग मिळतो. सिसल म्हणजे काय ते दादाला सांगितल्यावर तो उठून बांधावर गेला. सिसल म्हणजे आपल्या घायपाताचीच जात. बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू बांधांवर घायपात कुंपणाला लावलेला असतो. त्याची पाने कुजवून, ठेचून वाख काढायचा आणि वाखाचे दोर वळायचे, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून येते. पुण्याला जायच्या गाडीच्या डिझेलइतकाही खर्च आला नाही. बाभळीचा तीन फुटी सोट, त्याचे टोक तासून अडगळीतल्या जात्याच्या वरच्या दगडात पक्के ठोकलेले, म्हणजे बोका अंगावर रेलला तरी हलणार नाही, आणि वरपासून खालपर्यंत वाखाचा दोर घट्ट गुंडाळलेला. उंची महत्त्वाची : मांजराला दोन पायांवर उभे राहून पूर्ण ताणता आले पाहिजे. बाजारातले बरेच खांब आखूड आणि हलके असतात, म्हणून मांजरे त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. खांब सोफ्याला खेटून ठेवला. सोफ्याच्या हातांवर महिनाभर जाड प्लास्टिक ताणून लावले. बोका तिकडे वळला की शाबासकी, सोफ्याकडे वळला की मार नाही. मारलेले मांजर सोफा सोडत नाही, फक्त आपल्यासमोर ओरबाडायचे थांबते.

आणि नखे खरोखरच 'काढावीत', मराठी अर्थाने. बोटाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येते. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर स्पष्ट दिसते. तिच्या पुढचे पारदर्शक वळलेले टोक तेवढे कापायचे, एक-दोन मिलिमीटर. दर दोन-तीन आठवड्यांनी, पुढच्या पायांची पुरतात. एकाच बैठकीत दहाही उरकण्याचा हट्ट धरू नये. झोपाळलेला असताना आज एक पंजा, उद्या दुसरा. खूर तासणाऱ्याचा हात ज्या घरात आहे तिथे हे शिकवावे लागले नाही. मामींनी फक्त शनिवार आणि तिन्हीसांज वर्ज्य केली.

टेक्सासच्या मांजरीचे काय, हा प्रश्न पुतणीनेच नंतर विचारला. तिची बोटे परत येणार नाहीत. पण अशा मांजरांसाठी करण्यासारखे बरेच असते. ती वर्षभर अधूनमधून गालिच्यावर घाण करत होती आणि तो तिचा हट्ट समजला जात होता. मी पुतणीला आधी पंज्यांचे क्ष-किरण काढायला सांगितले. दोन बोटांत हाडाचे तुकडे निघाले. शौचपेटीतली जाड खड्यांची वाळू बदलून बारीक, मऊ वाळू घातली, पेटीची एक कड उतरती केली, तिथल्या डॉक्टरांनी वेदनाशामक सुरू केले आणि ते तुकडे काढायचे का, याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे.